कंबर आणि ओटीपोटाचे लायपोसक्शन: पुण्यातील एका रुग्णालयाच्या सेवेविषयी आठ महिन्यांनंतरचे मत

गेल्या वर्षी भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात ओटीपोट आणि कंबरेच्या दोन्ही बाजू यांचे लायपोसक्शन, म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतले. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांत लिहिलेल्या अभिप्रायावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता, कारण त्या काळात अंगावर सूज असते आणि आरशातले रूप दररोज बदलत असते. त्यामुळे आठ महिने थांबले आणि मग लिहायला बसले. रुग्णालयाचे व डॉक्टरांचे नाव दिलेले नाही. मिळालेल्या सेवेत मनापासून वाखाणण्याजोगे पुष्कळ होते, तशाच दोन-तीन गोष्टी खटकल्याही, आणि या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या स्त्रीला नावापेक्षा त्या दोन्ही गोष्टींचा तपशील अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

माझे वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वजन ६४ किलो. साताऱ्यात बँकेत नोकरी करते, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर जातात. दोन्ही मुले सिझेरियनने झाली. टाक्यांच्या वर ओघळलेली चरबी आणि कंबरेवरचे दोन फुगवटे तीन वर्षांच्या नियमित चालण्याने, जेवणातला भात कमी करण्याने आणि एका जिमच्या वर्गणीने कमी झाले नाहीत. वजन ७१ वरून ६४ वर आले, चेहरा उतरला, दंड बारीक झाले, पण ब्लाउज आणि परकराच्या नाडीच्या मधला तो भाग तसाच राहिला. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, नंतर डॉक्टरांनी मला या शस्त्रक्रियेसाठी योग्य ठरवले ते याच इतिहासामुळे. वजन आधी कमी करून ते वर्षभर टिकवलेले असणे आणि त्यानंतरही ठरावीक जागी चरबी उरलेली असणे, ही त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होती.

त्या डॉक्टरांकडे पोहोचण्यापूर्वी मी एका दुसऱ्या, मोठ्या जाहिराती करणाऱ्या केंद्रात गेले होते. तिथे पहिली पाऊण तास भेट झाली ती एका समुपदेशक तरुणीशी. तिने माझ्या पोटावर टेप लावला, संगणकावर 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे दाखवली, आणि सणानिमित्त असलेली सवलत त्याच संध्याकाळी संपते असे सांगून पाच हजार रुपये भरून तारीख नक्की करण्याचा आग्रह धरला. शस्त्रक्रिया कोण करणार, असे विचारल्यावर "आमची डॉक्टरांची टीम आहे" एवढेच उत्तर मिळाले. भूल कोण देणार, असे विचारल्यावर भूल लागतच नाही, जागा बधिर करतात आणि दोन तासांत तुम्ही घरी, असे सांगण्यात आले. पैसे न भरता मी बाहेर पडले. त्या दिवशी माझी शंका केवळ अंदाजाची होती. दोन तासांत घरी पाठवण्यात नेमके काय चुकीचे आहे ते मला पुढे कळले.

जिथे शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली त्या रुग्णालयात पहिली भेट थेट शल्यचिकित्सकांशी झाली. दारावरच्या पाटीवर एम.एस. आणि त्यापुढे एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी अशा पदव्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासून पाहता येतो आणि मी तो बाहेरच्या बाकावर बसूनच तपासला. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेली व्यक्ती आणि चार दिवसांचा 'कॉस्मेटिक' अभ्यासक्रम केलेली व्यक्ती यांतला फरक आपल्याकडे अनेकांना माहीत नसतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

डॉक्टरांनी मला उभे करून, बसवून आणि आडवे झोपवून तपासले. झोपलेल्या स्थितीत डोके उचलायला सांगून पोटाच्या मधोमध बोटे दाबून पाहिली. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात आणि काही स्त्रियांत ते पुन्हा जवळ येत नाहीत; अशा पोटाला लायपोसक्शनने काहीही फायदा होत नाही, कारण ते पोट चरबीमुळे नव्हे तर सैल पडलेल्या भिंतीमुळे पुढे आलेले असते. तिथे स्नायू शिवून जास्तीची त्वचा कापणारी वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागते, जिला टमी टक म्हणतात. तिचा व्रण कंबरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि बरे होण्याचा काळही अधिक असतो. माझ्या बाबतीत अंतर फार नव्हते आणि त्वचेत ताण शिल्लक होता. त्वचा चिमटीत धरून सोडली की किती लवकर जागेवर जाते, यावरून हे पाहतात, कारण आतली चरबी गेल्यावर त्वचेला स्वतःच आकसावे लागते.

यानंतर त्यांनी जे सांगितले त्यासाठी मी या सेवेला सर्वाधिक गुण देईन. मी नाभीच्या वरचा भागही करून घ्यावा म्हणत होते. त्यांनी माझा हात नाभीच्या वर ठेवला, चिमटीत किती येते ते मलाच पाहायला लावले आणि म्हणाले, "ताई, इथे जे पुढे आलेले दिसते ते आतड्यांभोवतीच्या चरबीमुळे आहे, तिथे माझी नळी जात नाही आणि जाऊही नये. ते तुम्हाला चालून आणि जेवण सांभाळूनच कमी करावे लागेल." जास्तीचा एक भाग म्हणजे जास्तीचे तीस-पस्तीस हजार रुपये, हे त्यांना ठाऊक असूनही त्यांनी नकार दिला. मांड्यांबद्दल विचारले तेव्हाही आधी हा भाग वर्षभर स्थिरावू द्या, असेच उत्तर मिळाले.

चरबीचा हा भेद समजून घेतल्याशिवाय कोणीही या शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. त्वचेखालची चरबी आणि पोटाच्या पोकळीतली, अवयवांभोवतीची चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह, यकृतावरील चरबी आणि हृदयविकार यांच्याशी अधिक जवळचे नाते आहे ते आतल्या चरबीचे, आणि लायपोसक्शन काढते ती फक्त त्वचेखालची. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल महिलांच्या पोटावरची चरबी मोठ्या प्रमाणात काढली होती, त्यांतील ७ जणींना मधुमेह होता. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले असता इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात, रक्तदाबात किंवा रक्तातील चरबीच्या प्रमाणात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि माझे पाहून त्यांच्या एका मैत्रिणीने साखर कमी व्हावी म्हणून हे करता येईल का, असे विचारले. त्यांना मी हेच सांगितले, की शरीराचा आकार बदलणे आणि आजार बरा करणे या दोन निराळ्या वाटा आहेत. आजाराच्या पातळीवरच्या लठ्ठपणासाठी जठर लहान करणारी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया असते, तिचे निकष वेगळे, तज्ज्ञ वेगळे आणि हेतूही वेगळा.

काढलेली चरबी परत येते का, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला. प्रौढ वयात शरीरातील चरबीच्या पेशींची एकूण संख्या बरीचशी स्थिर राहते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, पण हिशेब जवळपास तेवढाच राहतो, आणि वजन वाढते तेव्हा मुख्यतः असलेल्या पेशी फुगतात. ज्या जागेच्या पेशी काढून टाकल्या तिथे फुगायला कमी पेशी उरतात. पण खाणे सुटले तर उरलेल्या पेशी फुगणारच, आणि मग चरबी पाठीवर, दंडांवर किंवा पोटाच्या आत साठते, जे मूळ फुगवट्यापेक्षा वाईट.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मी नंतर वाचला आणि तो वाचून ऊर धडधडला. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए या शल्यचिकित्सकाने एका तरुणीच्या पोटऱ्या बारीक करण्यासाठी चरबी खरवडून काढली, तेव्हा रक्तवाहिन्यांना इजा होऊन अखेर तिचा पाय कापावा लागला. त्यानंतर कित्येक दशके कोणी या मार्गाला फारसे गेले नाही. १९७०च्या दशकात इटलीतील फिशर पिता-पुत्रांनी पोकळ उपकरणाने चरबी ओढून घेण्याची पद्धत आणली, आणि १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी एका तरुणीच्या पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता काढण्यासाठी बोथट टोकाची नळी वापरली. बोथट टोक चरबीतून वाट काढते, पण मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांना बाजूला सारते. आजचे लायपोसक्शन या साध्या सुधारणेवर उभे आहे. दुसरी मोठी सुधारणा कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांची. सलाइनमध्ये लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध आणि अतिशय पातळ केलेले अॅड्रेनॅलिन मिसळून ते द्रावण चरबीच्या थरात भरपूर सोडायचे, जागा घट्ट फुगली की मगच चरबी ओढायची, ही त्यांची पद्धत १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. अॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पूर्वी ज्या शस्त्रक्रियेत रक्त चढवावे लागण्याची वेळ येई, तिथे आता रक्तस्राव अगदी थोडा होतो.

'दोन तासांत घरी' या वाक्याचा अर्थ मला इथे उमगला. या पद्धतीत लिग्नोकेनची मात्रा नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी अधिक असते आणि ते चरबीतून रक्तात हळूहळू उतरते. रक्तातले त्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, तर साधारण आठ ते चौदा तासांनी सर्वाधिक होते. म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झालेली बाई संध्याकाळी किंवा रात्री घरी एकटी असताना लिग्नोकेनचा दुष्परिणाम दिसू शकतो. कमी मात्रेत, लहान भागासाठी त्याच दिवशी घरी सोडणे योग्यही असते, हे मान्य. पण मात्रा रुग्णाच्या वजनानुसार मोजली का आणि घरी गेल्यावर काय झाले तर कोणाला फोन करायचा, या प्रश्नांना ज्या ठिकाणी उत्तर नाही तिथे ते योग्य नाही. माझ्या रुग्णालयाने एक रात्र ठेवून घेण्याचा आग्रह धरला आणि त्याचे कारण भूलतज्ज्ञांनी स्वतः येऊन समजावले. भूलतज्ज्ञांची स्वतंत्र भेट शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी झाली. हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याचा वेळ, साखर, एचआयव्ही व कावीळ, ईसीजी या तपासण्या झाल्या आणि मी अधूनमधून घेत असलेली अॅस्पिरिनची गोळी त्याआधीच, शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी, बंद करायला लावली होती.

संमतीपत्राच्या बाबतीत पहिली तक्रार. आठ पानांचे संमतीपत्र फक्त इंग्रजीत होते. मी बँकेत काम करते, मला ते वाचता आले, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी न वाचता सही केली. मी मराठी प्रत मागितली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी आणून दिली, म्हणजे ती उपलब्ध होती, केवळ पुढे केली जात नव्हती. त्या पत्रात चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, जंतुसंसर्ग, नळीने पोटाच्या आतील अवयवाला इजा होणे, पाणी साठणे, त्वचेवर खड्डे आणि उंचवटे राहणे, असे सर्व धोके लिहिलेले होते. यांतले गंभीर प्रकार विरळ असले तरी ते वाचूनच निर्णय घ्यायचा असतो, आणि ते आपल्या भाषेत वाचायला मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी उभे करून अंगावर मार्करने रेषा काढल्या, कारण आडवे झाल्यावर चरबी बाजूला पसरते आणि खरा आकार कळत नाही. संपूर्ण भूल दिली. सव्वादोन तास लागले. पाच लहान छेद होते, प्रत्येकी अर्ध्या सेंटिमीटरचे, त्यांतील दोन जुन्या सिझेरियनच्या व्रणातच लपवलेले. एकूण २६०० मिलिलिटर द्रव निघाला, त्यात चरबी सुमारे १९०० मिलिलिटर. एका वेळी पाच लिटरहून अधिक द्रव काढणे मोठ्या प्रमाणाचे लायपोसक्शन समजले जाते आणि धोका त्यानुसार वाढतो, तेव्हा माझे प्रमाण त्याच्या बरेच खाली होते. चरबी पाण्याहून हलकी असते, त्यामुळे एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर अंगावरून गेलेले वजन दोन किलोही भरत नाही. वजनकाट्यासाठी ही शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकीने हा आकडा लक्षात घ्यावा. माझे वजन तर पहिल्या आठवड्यात सूज आणि सलाइनमुळे दीड किलोने वाढले होते.

परिचारिकांची सेवा उत्तम होती. रात्री नऊ वाजता दोघींनी धरून मला उठवले आणि खोलीतल्या खोलीत चालवले, पायात घट्ट मोजे होतेच, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे चालणे किती आवश्यक आहे हे त्या न कंटाळता सांगत राहिल्या. परंतु एक गोष्ट कोणीही आधी सांगितली नाही. आत सोडलेले द्रावण पुढचे दीड-दोन दिवस त्या छेदांतून बाहेर झिरपत राहते, रंग गुलाबी, प्रमाण एवढे की अंथरूण भिजते. छेद मुद्दाम सैल ठेवलेले असतात आणि हे झिरपणे चांगलेच असते. पण कोथरूडला जावेच्या घरी मध्यरात्री चादरीवर तो डाग पाहून आम्ही दोघी घाबरून गेलो. रुग्णालयात फोन केला, तो दुसऱ्या घंटेला उचलला आणि निवासी डॉक्टरांनी शांतपणे समजावले, याचे गुण द्यायलाच हवेत. पण घरी जाताना दिलेल्या कागदावर एक ओळ लिहिली असती आणि जुने टॉवेल, प्लास्टिकची चादर तयार ठेवायला सांगितले असते, तर तो प्रसंग आला नसता.

वेदना किती होतात? पहिले चार दिवस कंबरेत कोणी काठीने मारल्यासारखे दुखते, उठता-बसता कळ येते, नंतर ठणका कमी होतो आणि खाज सुरू होते. काळे-निळे डाग तीन आठवडे होते. दहाव्या दिवशी मी बँकेत रुजू झाले, पण पंधरा दिवसांची रजा घेतली असती तर बरे झाले असते. सहा आठवडे प्रेशर गारमेंट घालावा लागतो, त्यातले पहिले तीन आठवडे आंघोळीचा वेळ सोडून रात्रंदिवस. तो मांडीपासून छातीखालपर्यंत आवळून धरतो, त्यामुळे पाणी साठत नाही आणि त्वचा खालच्या थराला चिकटून बसते. नोव्हेंबर-डिसेंबर होता म्हणून ते सहन झाले. चैत्र-वैशाखात हे करण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला पाणी साठल्याचे जाणवले. डॉक्टरांनी सुईने तीसेक मिलिलिटर काढले, पुन्हा एकदा आठवड्याने थोडे काढले आणि ते थांबले. या दोन्ही भेटींचे शुल्क घेतले नाही.

खर्चाचा तपशील असा. सांगितलेले पॅकेज १,२०,००० रुपयांचे होते. त्यात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि एक रात्र यांचा समावेश होता. अंतिम बिलात त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१,६०० रुपये लागले. उपचारात्मक वैद्यकीय सेवेवर हा कर नसतो, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तो असतो. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची पुनर्रचना त्यातून वगळलेली आहे. कर आकारण्यात रुग्णालयाचा दोष नाही, पण आकडा सांगताना तो करासह सांगायला हवा होता, आणि ही माझी दुसरी तक्रार. दोन गारमेंट ६,५०० रुपयांचे, तपासण्या व औषधे वेगळी. आरोग्य विम्यातून यातला एकही रुपया मिळत नाही, तेव्हा हप्त्यांवर किंवा कर्ज काढून हे करण्यापूर्वी संपूर्ण रक्कम लिहून घ्यावी.

परिणाम दिसायला धीर लागतो. सहाव्या आठवड्यात माझी कंबर ३६ इंचांवरून ३५ झाली होती आणि मी मनातून खचले होते. सूज पूर्ण ओसरायला तीन ते सहा महिने लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले होतेच, पण सांगितलेले आणि सोसलेले यांत अंतर असते. पाचव्या महिन्यात कंबर ३३ इंच झाली, आज तेवढीच आहे. कपड्यांवरून हात फिरवला की बाजूंचा उतार सरळ लागतो. नाभीखाली उजव्या अंगाला एक लहानसा खळगा राहिला आहे, तो तिरप्या उजेडात दिसतो. पोट सपाट झालेले नाही, कारण नाभीच्या वरचा भाग ज्याचा त्याच जागी आहे. वजन ६२ आहे, आणि रोज पाच किलोमीटर चालणेही सुरू आहे.

चरबी गोठवण्याच्या यंत्राविषयी मला अनेकींनी विचारले. थंडीने चरबीच्या पेशी त्वचेच्या आधी मरतात, या निरीक्षणावर ती पद्धत आधारलेली आहे आणि अमेरिकेत २०१० मध्ये तिला मान्यता मिळाली. छेद नाही, भूल नाही, पण एका वेळी होणारी घट थोडी असते, परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, आणि क्वचित त्या जागी चरबी कमी होण्याऐवजी वाढून घट्ट होते, जी मग शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. माझ्या डॉक्टरांकडे ते यंत्र होते, तरी माझ्या फुगवट्याच्या मानाने ते अपुरे पडेल असे त्यांनी सांगितले.

या रुग्णालयाला मी पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण करासह न सांगितलेल्या रकमेचा, इंग्रजी संमतीपत्राचा आणि त्या मध्यरात्रीच्या चादरीचा. नाभीखालचा तळहाताएवढा भाग अजून पूर्ण संवेदनशील झालेला नाही. साडीच्या निऱ्या खोचताना तिथे बोट टेकले तर स्पर्श जाड कापडाआडून आल्यासारखा जाणवतो. संवेदना पूर्ववत व्हायला वर्षभरही लागू शकते, असे मागच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.